ट्रायपॉडचं हेड मान का टाकतं? कमी बजेटमध्ये लँडस्केपसाठी काय घ्यायचं

हा एपिसोडचा लिखित मजकूर. बोलतानाचे ‘म्हणजे’ आणि ‘ॲक्च्युअली’ जमतील तितके काढलेत, बाकी बोलणं तसंच ठेवलंय.

मागच्या एपिसोडमध्ये ट्रायपॉडच्या पायांवर बोललो होतो आणि हेडचा विषय मुद्दाम बाजूला ठेवला होता. त्यानंतर जे मेसेज आले, त्यातल्या बऱ्याच जणांचा प्रश्न एकच. “बजेट तीन-चार हजार आहे. एका हेडवर ८ किलो लिहिलंय, दुसऱ्यावर १५ किलो, किंमत जवळपास तीच. मग १५ वालं घेऊन टाकू ना?”

थांबा, लगेच घेऊ नका. आधी तो किलोचा आकडा काय सांगतो आणि काय सांगत नाही ते बघू, कारण कमी बजेटमधले पैसे सगळ्यात जास्त तिथेच वाया जातात.

०१:१० – खोक्यावरचे किलो

लोड कपॅसिटी कशी मोजायची, याबद्दल सगळ्या कंपन्या पाळतात असं एक ठरलेलं माप नाही. वजन बॉलच्या बरोबर वर, मधोमध ठेवलं तर साधं हेडसुद्धा भरपूर वजन झेलतं, कारण ते वजन सरळ खाली पायांमध्ये उतरतं. हेडला काही धरून ठेवावंच लागत नाही. आम्ही सॉफ्टवेअरवाले असले बेंचमार्क रोज बघतो. बेस्ट केस घ्यायची, आकडा काढायचा आणि मोठ्या अक्षरात छापायचा. आकडा खोटा नसतो, फक्त तुमच्या कामाचा नसतो.

तुमच्या कामाचा आकडा वेगळा. पाण्याने भरलेली बादली अंगालगत धरा, जमेल. तीच बादली हात सरळ लांब करून धरा, अर्ध्या मिनिटात खांदा भरून येईल. बादलीचं वजन तेच आहे, अंतर वाढलं. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला मेकॅनिक्समध्ये जे मोमेंट मोमेंट करून डोकं खाल्लं होतं, ते हेच. हेडला वजन पेलायचं नसतं, टॉर्क पेलायचा असतो.

हिशोब करून बघू. फोन साधारण २०० ग्रॅमचा, त्याचा क्लॅम्प ५० ग्रॅम, म्हणजे पाव किलो. बॉलच्या केंद्रापासून १० सेंटीमीटरवर आडवा लटकला तर टॉर्क होतो अंदाजे ०.२५ न्यूटन-मीटर. आता एंट्री-लेव्हल कॅमेरा आणि त्याला ७०-३०० ची लेन्स, मिळून १.२ किलो धरा. कॅमेरा उभ्या फ्रेमसाठी बाजूला पाडला आणि त्याचं वजन १२ सेंटीमीटर बाहेर गेलं, तर टॉर्क १.४ च्या आसपास. वजन पाचपटही नाही, पण टॉर्क जवळपास सहापट. खोक्यावर किलो लिहिलेले असतात; किती अंतरावर, ते बहुतेक वेळा नसतंच. म्हणून ८ आणि १५ ची तुलना करून हाती काही लागत नाही.

०३:४० – मान टाकणं म्हणजे काय

फ्रेम लावली, नॉब आवळला, हात काढला, आणि समोरचं दृश्य हळूच वर सरकलं. म्हणजे कॅमेरा खाली झुकला. यालाच मी म्हणतो, हेडने मान टाकली. यात दोन गोष्टी एकत्र असतात. एक, नॉब आवळताना बॉल थोडासा वळतो. दोन, हात काढल्यावर प्लेटचं रबर, क्लॅम्पमधली फट, खालचा स्क्रू, हे सगळं थोडं थोडं दबतं. पहिली गोष्ट हेडच्या घडणीवर अवलंबून असते. दुसरी प्लेट बदलून बरीच कमी होते.

किती सरकलं म्हणजे जास्त? समजा हेड ०.१ अंशाने झुकलं, डोळ्याला हेडकडे बघून कळणारही नाही इतकं. २४ मेगापिक्सेलच्या एपीएस-सी कॅमेऱ्यावर १८ मिमी लेन्स असेल तर चित्र साधारण ८ पिक्सेल सरकतं. तेच २०० मिमीला ९० पिक्सेलच्या आसपास. वाइडला हे चालून जातं. टेलीने दूरच्या डोंगररांगांचे थर टिपत असाल तर वरची धार कापली जाते, मग तुम्ही परत सैल करता, परत आवळता, ते परत झुकतं, आणि तेवढ्यात सूर्य वर आलेला असतो.

त्याहून वाईट म्हणजे दोन फोटोंच्या मधे सरकणं. आकाशासाठी एक एक्स्पोजर, जमिनीसाठी दुसरं, नंतर जोडायचं, असं तुमच्यातले बरेच जण करतात. स्टार ट्रेल तर एकामागून एक शेकडो फ्रेमचा खेळ. लाँग एक्स्पोजरच्या मधेच हेड सरकलं तर मात्र एडिटिंगमध्ये काहीच करता येत नाही.

फोनवाल्यांनो, हे तुम्हालाही लागू आहे. आयफोनचा नाइट मोड फोन ट्रायपॉडवर स्थिर आहे हे ओळखून ३० सेकंदांपर्यंतचं एक्स्पोजर देतो, आणि पिक्सेल फोनमधला ॲस्ट्रोफोटोग्राफी मोड ४ मिनिटांपर्यंत जातो. हातात धरून हे होणार नाही.

०६:०५ – कुठलं हेड कशासाठी

बजेटमध्ये खरी निवड दोघांतच आहे, बॉल हेड आणि थ्री-वे हेड.

व्हिडिओ हेड, ते लांब दांडीवालं, पॅन आणि टिल्ट गुळगुळीत व्हावं म्हणून असतं. त्यात बहुतेक वेळा कॅमेरा डावी-उजवीकडे कलता करायची सोयच नसते, म्हणजे क्षितिज सरळ करायला पायच कमी-जास्त करत बसायचं. फक्त लँडस्केपसाठी घेऊ नका. गिंबल हेड पक्षीवाल्यांचं, मोठ्या टेलीसाठी. गिअर्ड हेड लँडस्केपसाठी स्वर्ग आहे हो, नॉब फिरवला की फ्रेम केसभर हलते आणि तिथेच राहते. पण किंमत आपल्या आजच्या बजेटच्या बरीच बाहेर आणि वजनही भरपूर. मॅनफ्रोट्टोचं ४१० हे जुनं, नावाजलेलं गिअर्ड हेड एकटंच सव्वा किलोच्या आसपास आहे. पाचनईहून हरिश्चंद्रगड चढताना एवढं ओझं नेमकं आठवतं.

थ्री-वे म्हणजे तीन हँडल, तीन दिशा, प्रत्येकीचं लॉक वेगळं. क्षितिज सरळ केलं की ते सरळच राहतं, तुम्ही वर-खाली काहीही करा. लँडस्केपला हे फार सोयीचं. एक दिशा सैल केली तर बाकीच्या दोन जागच्या जागी असतात, त्यामुळे कॅमेरा धाडकन पडत नाही. तोटा हा की सॅकमध्ये हँडल कशात ना कशात अडकतात, आणि स्वस्तातल्या हेडमध्ये प्रत्येक सांध्यात थोडी थोडी फट असते. तीन सांधे, तीन फटी.

बॉल हेड आटोपशीर. एक नॉब सैल केला की सगळ्या दिशा मोकळ्या, झटकन फ्रेम लागते. पण त्याच कारणाने जरासं क्षितिज सरळ करायला गेलात की वर-खालीही बिघडतं. आणि नॉब सैल करताना दुसऱ्या हाताने कॅमेरा धरायचाच. नाही धरला तर तो पुढे कोसळतो आणि तुमचं बोट मधे सापडतं.

माझं मत विचाराल तर चालून जाणाऱ्या माणसाने, म्हणजे ट्रेकवाल्याने, बॉल हेड घ्यावं. गाडी पॉइंटपर्यंत जाते, तिथून दोनशे पावलं, असा तुमचा कार्यक्रम असेल, तर थ्री-वे बिनधास्त घ्या. त्याच पैशात ते मान कमी टाकतं असं मला वाटतं, आणि बॉल हेडच्या फॅशनमुळे ते सेकंडहँडही बऱ्या भावात मिळतं.

०९:२० – बॉल हेड घेताना काय बघायचं

किलो सोडा, मिलिमीटर विचारा. बॉलचा व्यास. पकड येते घर्षणातून, आणि घर्षण केंद्रापासून जितकं लांब लागेल तितका टॉर्क जास्त रोखला जातो. बाकी सगळं सारखं धरलं तर २५ मिमीच्या बॉलपेक्षा ३६ मिमीचा बॉल तेवढ्याच आवळण्यात साधारण दीडपट रोखतो. फोनला पंचविशीतला बॉल पुरतो. फोनबरोबर छोटा मिररलेस आणि किट लेन्स असेल तर तीसच्या पुढे बघा. टेली लावणार असाल तर ३६ च्या आसपास.

मग नॉब. निदान दोन वेगळे हवेत, एक बॉलचा, एक खालच्या पॅनचा. पॅनचं वेगळं लॉक नसलेलं हेड घेऊ नका. डावी-उजवीकडे जरा फिरवायचं म्हटलं तरी अख्खी फ्रेम मोडावी लागते. तिसरा नॉब फ्रिक्शनचा असेल तर उत्तम. तो थोडा घट्ट ठेवला की मुख्य नॉब सैल केल्यावरही बॉल जड फिरतो, कॅमेरा पडत नाही. स्वस्त हेडवर कधी कधी फ्रिक्शन नॉब नुसता दाखवायला असतो, फिरवून काही फरकच पडत नाही, तेवढं हाताने बघून घ्या. आणि नॉब मोठा, रबर असलेला हवा. नाणेघाटात पावसाळ्यात उलटा धबधबा शूट करायला उभे राहाल, वारा पाणी कड्यावरून परत तुमच्या अंगावर फेकतोय, तेव्हा तो छोटा गुळगुळीत धातूचा नॉब ओल्या बोटांनी आवळला जात नाही. डिसेंबरच्या पहाटे बधिर झालेल्या बोटांचंही तेच.

आता क्लॅम्प. आर्का-स्विस पद्धतीचाच घ्या. या कंपनीने आणलेली ही तिरक्या कडांची पट्टी आता जवळजवळ सगळे बनवतात, रुंदी साधारण ३८ मिमी. एका कंपनीची प्लेट दुसरीच्या हेडवर बसते, आणि प्लेट हरवली तर नवी कुठेही मिळते. पण एक बारीक गोष्ट. सगळ्यांच्या प्लेट तंतोतंत एका मापाच्या नसतात, अर्ध्या मिलिमीटरचा फरक असू शकतो. म्हणून स्वस्तातला झटपट लिव्हरवाला क्लॅम्प टाळा आणि स्क्रूवाला घ्या. स्क्रू हवा तेवढा आवळता येतो. लिव्हर एका ठरावीक मापाला बंद होतो आणि दुसऱ्याची प्लेट त्यात खुळखुळते. प्लेटच्या दोन्ही टोकांना खाली छोटे स्टॉप स्क्रू असतात, क्लॅम्प सैल झाला तरी कॅमेरा घसरून पडू नये म्हणून. बरेच जण अडतात म्हणून काढून टाकतात. कोकणकड्यावर उभे असाल तर राहू द्या.

१२:३० – उभ्या फ्रेमची भानगड

रील्स, स्टोरी, वॉलपेपर, सगळं उभं. म्हणजे तुमच्यातले बरेच जण हेड बाजूला पाडून, त्या खाचेत बॉलची दांडी टाकून शूट करणार. मघाशी केलेला टॉर्कचा हिशोब आठवा. सगळ्यात वाईट स्थिती हीच. वजन बाहेर लटकतं, ट्रायपॉड एका बाजूला कलंडायला बघतो, आणि प्लेटवर कॅमेरा गोल फिरायला लागतो.

यातला शेवटचा त्रास निम्मा फुकटात सुटतो. लेन्स जड असेल तर ती खाली ओढते आणि कॅमेरा प्लेटच्या स्क्रूभोवती फिरवते. कॅमेऱ्याच्या मागे उभं राहून बघितलं तर कॅमेरा डावीकडे पाडल्यावर हे फिरणं स्क्रू सैल करतं, आणि उजवीकडे पाडल्यावर घट्ट. पेचाची दिशा तशी असते म्हणून. पॅन सोडून बेस अर्धा फिरवा म्हणजे खाच उजवीकडे येईल. बस.

पूर्ण उपाय म्हणजे एल-ब्रॅकेट. एल आकाराची प्लेट, कॅमेऱ्याच्या खाली आणि एका बाजूला. उभी फ्रेम हवी की कॅमेरा काढायचा, फिरवायचा, बाजूच्या पट्टीवर बसवायचा. बॉल सरळच राहतो, वजन मधोमध. बजेट चार हजार असेल तर चार हजारांचं हेड घेण्यापेक्षा जरा स्वस्त हेड आणि उरलेल्यात साधा एल-ब्रॅकेट, हे मला जास्त पटतं. मध्यम हेडसुद्धा मग चांगल्या हेडसारखं वागतं, कारण तुम्ही त्याच्यावर अवघड वेळ येऊच देत नाही.

फोनला तर हे आणखी स्वस्तात होतं. असा क्लॅम्प घ्या ज्याला खाली आणि बाजूला दोन्हीकडे पाव इंची पेच आहे, किंवा जो स्वतःच आडवा-उभा फिरतो. मग हेड पाडायची गरजच नाही. आणि स्प्रिंगवाल्यापेक्षा स्क्रूने आवळायचा बघा. जाड कव्हरसकट फोन स्प्रिंगमध्ये बसतो खरा, पण स्प्रिंगचा दाब तुमच्या हातात नसतो. फक्त फोन वापरत असाल तर खरं सांगू? हेडवर फार खर्च करू नका. छोटं, पॅन लॉकवालं बॉल हेड, चांगला क्लॅम्प, उरलेले पैसे पायांमध्ये.

१५:१५ – ऑर्डर करायच्या आधी

तुमच्याकडे आत्ता जो ट्रायपॉड आहे, त्याचं हेड मुळात निघतं का? किटमध्ये मिळणाऱ्या बऱ्याच ट्रायपॉडचं हेड मधल्या दांड्यालाच जोडलेलं असतं, निघतच नाही. मग नवं हेड ठेवणार कुठे? मधला दांडा घट्ट धरून हेड घड्याळाच्या उलट दिशेने फिरवून बघा. सुटत नसेल तर जबरदस्ती करायच्या आधी बैठकीच्या खाली बघा, तिथे एक-दोन बारीक ॲलन स्क्रू असू शकतात, ते आधी सैल करायचे. हेड निघालं की वर येणारा पेच बघा. मोठा असतो तीन अष्टमांश इंच, छोटा पाव इंच. हेडचं भोक मोठं आणि पेच छोटा असेल तर मधे बसणारी छोटी बुशिंग मिळते, अगदी किरकोळ किंमतीला. नीट बसली नाही तर मात्र तिथेही फट राहते, म्हणून ती नाण्याने पूर्ण आत आवळा.

हेड निघतच नसेल तर हेडचा विषय संपला. आधी पाय.

१७:०० – घरी आल्यावरची टेस्ट

ऑनलाइन घेतलं असेल तर परत करायची मुदत संपायच्या आत हे करा. दहा मिनिटं लागतात.

मधला दांडा पूर्ण खाली, पाय सगळ्यात आखूड, म्हणजे पायांचा दोष हेडवर जाणार नाही. तुमच्याकडची सगळ्यात लांब लेन्स लावा. फोन असेल तर टेली कॅमेरा, किंवा झूम चार-पाचपट. स्क्रीनवर ग्रिड चालू करा. समोरच्या खिडकीच्या ग्रीलचा एखादा कोपरा ग्रिडच्या रेषेवर आणा, आवळा, हात काढा. कोपरा किती सरकला? आता पाच मिनिटं हात लावू नका. परत बघा. आवळल्याबरोबर थोडं सरकून थांबलं तर त्याची सवय होते, मी तेवढं वर धरून आवळतो. पाच मिनिटं हळूहळू सरकतच राहिलं तर ते हेड परत पाठवा. लाँग एक्स्पोजर त्याच्यावर होणार नाही.

मग कॅमेरा ४५ अंश खाली झुकवून हेच. पुढ्यातलं फूल आणि मागे डोंगर अशी फ्रेम लावताना कॅमेरा असाच झुकलेला असतो. शेवटी लेन्सला बोटाने हलकी टिचकी मारा आणि स्क्रीनवर चित्र किती वेळ थरथरतं ते बघा. दोन सेकंदांत थांबलं तर शटरला दोन सेकंदांचा टायमर पुरेल. नाही तर दहाचा लावा.

१९:१० – धूळ, मीठ आणि तेल

कासला गेलात की जांभ्याची लाल धूळ, कोकणात गेलात की रेती आणि खारा वारा. बॉलवर कण बसले की फिरवताना करकर आवाज येतो, आणि त्यानेच बॉलवर ओरखडे पडतात. घरी आल्यावर कोरड्या सुती कापडाने बॉल पुसा, खाऱ्या हवेतून आला असाल तर आधी ओलसर आणि मग कोरड्या. तेल घालू नका. सायकलचं नाही, शिलाई मशीनचं नाही, कुठलंच नाही. हे हेड घर्षणावर चालतं, आणि तुम्ही तेच काढून टाकताय.

सेकंडहँड घेताना बॉल सगळीकडे फिरवून बघा, एखाद्याच जागी अडकतोय का. आणि प्लेट सोबत आहे ना ते विचारा. जुन्या मॅनफ्रोट्टो हेडना त्यांची स्वतःची आरसी-२ प्लेट लागते, आर्कावाली बसत नाही. हेड स्वस्तात मिळालं तरी ती प्लेट वेगळी शोधावी लागेल, तो खर्च धरून किंमत ठरवा.

२०:४० – शेवटचा मेसेज

साताऱ्याहून एका ताईंचा. “बाबांचा जुना, जड, दांडीवाला व्हिडिओ ट्रायपॉड घरी आहे. पाय एकदम दणकट. फोनने शूट करते, पुढे कॅमेरा घ्यायचा विचार आहे. तो टाकून नवा घेऊ का?”

ताई, टाकू नका. वरचं हेड निघतंय का ते आधी बघा, मघाशी सांगितलं तसं. काही व्हिडिओ ट्रायपॉडना वर खोलगट वाटी असते आणि हेडचा तळ अर्धगोल असतो. तसा असेल तर सपाट तळाचं हेड त्यात थेट बसणार नाही, मधे वाटीच्या मापाचा अडॅप्टर लागेल. ७५ आणि १०० मिमी ही नेहमीची मापं, टेपने वाटी मोजून घ्या. साधा तीन अष्टमांशचा पेच निघाला तर तुमचं काम झालंच. तीसच्या पुढचा बॉल, पॅन लॉक, स्क्रूवाला आर्का क्लॅम्प, आणि फोनसाठी आडवा-उभा होणारा होल्डर. कॅमेरा आला की त्याला एल-ब्रॅकेट. जड पायांची काळजी करू नका, कासच्या वाऱ्यात ते कामालाच येतात. फक्त फुलांच्या दिवसांत ते पाय कुठे रोवताय, ते बघून रोवा.